पढवलेला साक्षीदार

आम्ही दोघं मिळून एक प्रोग्राम लिहितो, आणि तो नीट चालतो का ते तपासायला छोट्या छोट्या टेस्ट ठेवल्या आहेत. तीन दिवस मी तिला एकच उत्तर देत होतो. ती लिहायची, ‘माझ्याकडे तीन टेस्ट फेल होतायत.’ मी माझ्या टर्मिनलमध्ये टेस्ट चालवायचो, हिरव्या ओळी सरसर वर सरकायच्या, आणि मी लिहायचो, ‘माझ्याकडे सगळं हिरवं आहे.’ पहिल्या दिवशी त्यात मदतीचा सूर होता. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळा कोड नव्याने क्लोन करायला लावला. तिने तोही केला. तिसऱ्या दिवशी मी लिहून गेलो, ‘तुझ्या मशीनवर जुनं काहीतरी राहिलंय, ते आधी साफ कर बघू.’ त्यावर बराच वेळ तिच्याकडून काही आलं नाही. मग एक प्रश्न आला : ‘तुझ्याकडे नेमक्या किती टेस्ट धावतायत? नुसता आकडा सांग.’ मी मोजल्या. एकूण टेस्ट होत्या 58. माझ्याकडे धावत होत्या 37.

उरलेल्या 21 टेस्ट गेले नऊ दिवस माझ्या मशीनवर चाललेल्याच नव्हत्या.

कारण सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मनाला मात्र ते लागलं. आमच्या टेस्ट म्हणजे साध्या शेल स्क्रिप्ट. शेल म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याला दिलेली कमांडची यादी. त्यांतल्या काहींना एक जादा प्रोग्राम लागायचा. तो मशीनवर नसेल तर ‘स्किप’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या खोक्यात, 1 ठेवायचा, आणि पुढे ‘स्किप’ रिकामं नसेल तर टेस्ट न चालवता बाहेर पडायचं, अशी सोय मीच लिहिली होती. ‘स्किप’ भरायची ओळ मी लिहिली. ते सुरुवातीला रिकामं करायची ओळ लिहिली नाही. लिहायची गरज आहे असं वाटलंच नाही, कारण जे भरलंच नाही ते रिकामंच असणार. नऊ दिवसांपूर्वी रात्री उशिरा भलत्याच एका स्क्रिप्टशी झटापट करताना मी टर्मिनलमध्ये ‘एक्सपोर्ट स्किप=1’ असं टाइप केलं होतं. काम झालं, लॅपटॉपचं झाकण लावलं, झोपलो. विंडो उघडीच राहिली. लॅपटॉप रोज झोपायचा, रोज जागा व्हायचा, ती विंडो मात्र तीच, आणि तिच्या पोटातला तो 1 तिथून सुरू होणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या हाती पडत होता. स्क्रिप्ट बघायची की प्रोग्राम आहे. म्हणून ‘स्किप’ला हात न लावता पुढे जायची. पुढे तिला ते आधीच भरलेलं दिसायचं, आणि ती निघून जायची.

मला सर्वांत जास्त खुपतं ते याच्याही पलीकडचं आहे. त्याच आठवड्यात मी टेस्टचा वेग वाढवण्यासाठी एक बदल केला होता; तात्पुरत्या फाइल्स वारंवार कॉपी व्हायच्या, ते थांबवलं होतं. आधी सगळ्या टेस्टना दीड मिनिट लागायचं. आता पस्तीस सेकंदांत संपायच्या. पूर्वी टेस्ट मध्यावर आल्या की लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागायचा, तळहाताखालचा पत्रा कोमट व्हायचा. आता पंखा जागा व्हायच्या आत खाली ‘ठीक’ उमटायचं. मला ते फार आवडलं होतं. माझ्या बदलाला यश आलंय याचा पुरावा मला हवा होता आणि समोर पुरावा दिसत होता, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला नाही. फेल झालेली टेस्ट माणसाला जागच्या जागी थांबवते, ओळ न् ओळ वाचायला लावते. पास झालेल्या टेस्टची उलटतपासणी कोणी घेत नाही. टेस्ट हा आपला साक्षीदार असतो. कोड काय करतो ते त्याने पाहायचं आणि पाहिलं तसं सांगायचं. माझे 21 साक्षीदार घटनास्थळी गेलेच नव्हते. ‘काही विचारलं तर ठीक म्हणा’ एवढं त्यांना बाहेरून पढवलेलं होतं. पढवणारा मीच होतो.

बाहेर पडतानाही त्या स्क्रिप्ट 0 हा एक्झिट कोड द्यायच्या, आणि 0 म्हणजे सगळं सुरळीत. ऑटोमेक या प्रोग्राम बांधायच्या साधनाच्या टेस्टमध्ये वगळलेल्या टेस्टसाठी 77 हा वेगळा कोड राखून ठेवलेला आहे, मोठ्या बिघाडासाठी 99. ‘मी पाहिलं आणि ठीक आहे’ आणि ‘मी पाहिलंच नाही’ ही दोन उत्तरं वेगळी ठेवायची, एवढाच त्यामागचा विचार. आळसापायी मी तो विचार केलाच नव्हता. स्क्रिप्टने छापलेली ‘वगळली’ ही ओळही पास झालेल्या टेस्टच्या बाकी आउटपुटबरोबर गिळली जायची.

शेलचा हा स्वभाव किती जुना आहे, याचा मी नंतर बरेच दिवस विचार करत होतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आली 1979 मध्ये, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, बॉर्न शेलच्याच बरोबर. कल्पना साधी आणि सुंदर आहे : कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करताना ‘नाव=किंमत’ अशा काही ओळी त्याच्या स्वाधीन करतो. मिळते ती नक्कल. लेकराने त्यात काहीही फिरवाफिरव केली तरी आईबापाकडची मूळ प्रत तशीच राहते. इतर भाषांमध्ये ही मिळकत एका बाजूच्या कप्प्यात पडून असते. सी असो वा पायथॉन, तुम्ही नाव घेऊन मागाल तेव्हाच ती पुढ्यात येते. शेलमध्ये असा कप्पाच नाही. शेल सुरू होतानाच बाहेरून आलेली प्रत्येक ओळ त्याचं स्वतःचं व्हेरिएबल होऊन बसते. तुम्ही निर्माण केलेलं ‘स्किप’ आणि वारशाने आलेलं ‘स्किप’ यांत तिळाचाही फरक उरत नाही. आणि एक गोष्ट मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हती : बाहेरून आलेल्या नावाला तुम्ही स्क्रिप्टमध्ये नवी किंमत दिलीत, तर ती किंमत पुढच्या प्रोग्रामकडेही आपसूक जाते. तुम्ही एक्सपोर्ट लिहिलेलं नसतं. नावावर तो शिक्का आधीच बसलेला असतो.

सुरुवातीच्या काळात मला कुणीतरी सांगितलं होतं की स्क्रिप्टमधली नावं इंग्रजीच्या लहान अक्षरांत ठेव, मोठी अक्षरं सिस्टिमची. सल्ला खरा आहे. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामायिक मानकातही तसंच आहे. तिथल्या कमांड मोठ्या अक्षरांतली नावं वापरतात, लहान अक्षरं असलेली नावं बाकीच्यांसाठी मोकळी. पण त्यामुळे टक्कर टळते ती सिस्टिमशी. रात्री अकरा वाजता दुसऱ्याच कामात गढलेल्या स्वतःशी होणारी टक्कर टळत नाही. न भरलेलं नाव वापरलं की स्क्रिप्ट थांबवणाऱ्या ‘सेट -यू’वरही माझा फार भरवसा होता. एरवी प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ती ओळ असायची. त्या स्क्रिप्टमध्येही होती का, तर नव्हती, कारण ‘स्किप’ कधी कधी भरलेलंच नसायचं आणि मग स्क्रिप्ट तिथेच कोसळायची. म्हणून मी ती काढून टाकली होती. आता वाटतं, ते कोसळणंच तर सांगत होतं की सुरुवातीला एक ओळ कमी आहे. तरी हेही खरं की ‘सेट -यू’ जे नाही त्याबद्दल ओरडतं. नको ते हजर असेल तर त्याला काही वावगं दिसत नाही. त्या नऊ दिवसांत ते असतं तरी गप्पच राहिलं असतं.

त्याच रात्री मला दोन वर्षांपूर्वीची एक जखम आठवली. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटच्या एका रिपॉझिटरीत, म्हणजे साठ्यात, मी लॉग चाळत होतो आणि माझ्याच कमिटवर, म्हणजे मी केलेल्या नोंदीवर, भलत्याचं नाव. ‘टेस्ट युजर’. एक नाही, लागोपाठ सात. क्षणभर पोटात गोळा आला. कुणीतरी आत शिरलंय असंच वाटलं. शिरलं कुणीच नव्हतं. माझ्या टेस्ट कमिटच्या आधीच्या हुकमधून, म्हणजे गिट आपणहून चालवतं त्या स्क्रिप्टमधून, चालायच्या. त्यांतली एक टेस्ट तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट इनिट’ करून नवी रिपॉझिटरी उघडायची, तिथे एक खोटं नाव नोंदवायची आणि खेळातल्या रिपॉझिटरीत कमिट करायची. पण मी काम करत होतो वेगळ्या वर्कट्रीमध्ये, म्हणजे त्याच रिपॉझिटरीला जोडलेल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि गिटने हुकला ‘गिट_डिर’ हे व्हेरिएबल देऊन ठेवलं होतं : खरी रिपॉझिटरी इथे आहे, चुकू नकोस. टेस्ट चुकली नाही. रिकाम्या फोल्डरमध्ये उभी राहून तिने माझ्या खऱ्या रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये ते खोटं नाव लिहून टाकलं. गिटच्या हुकविषयीच्या माहितीतच हा धोका सांगितलेला आहे. हुकमधून परक्या रिपॉझिटरीला हात लावायचा असेल तर गिटची स्थानिक व्हेरिएबल आधी अनसेट करा, म्हणजे काढून टाका, आणि कुठली ते विचारायची सोयही आहे : ‘गिट रेव्ह-पार्स’ला ‘लोकल-एन्व्ह-व्हार्स’ हा पर्याय दिला की यादी मिळते. मी ते वाचलं सात कमिट झाल्यावर. तेव्हा मी ‘गिट_डिर’ अनसेट केलं, हुश्श केलं, आणि समजलो की प्रश्न गिटचा होता.

प्रश्न गिटचा नव्हता, हे ‘स्किप’ने दाखवलं.

मग मी जुन्या जाणत्यांचा कोड वाचायला बसलो. त्या वाचनात मला जो दिलासा मिळाला तो शब्दांत नीट सांगता येणार नाही. ऑटोकॉन्फ या ऑटोमेकच्या जोडीदार साधनाने तयार केलेली कुठलीही कॉन्फिगर स्क्रिप्ट उघडून बघा; खरं काम सुरू व्हायच्या कितीतरी आधी ती ‘सीडीपाथ’ अनसेट करते, ‘बॅश_एन्व्ह’ आणि ‘एन्व्ह’ काढून टाकते, भाषा ‘सी’वर आणते (ही सी प्रोग्रामिंगची नव्हे; अक्षरं कशी वाचायची ते ठरवणारी सिस्टिमची सेटिंग). गिटच्या टेस्टच्या मुळाशी ‘टेस्ट-लिब’ नावाची फाइल आहे. तीही तेच करते : भाषा ‘सी’, वेळ यूटीसी, पेजरच्या जागी साधं ‘कॅट’, होम म्हणजे टेस्टचंच तात्पुरतं फोल्डर, आणि ‘गिट_’ने सुरू होणारी जी जी नावं बाहेरून आली असतील ती एकेक वेचून बाजूला, काही ठरावीक नावं सोडून. यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाची तरी वाया गेलेली रात्र आहे. ‘सीडीपाथ’चंच घ्या. कुणी ते एक्सपोर्ट करून ठेवलं आणि ‘सीडी’ला, म्हणजे फोल्डर बदलायच्या कमांडला, त्यातून जागा सापडली, तर ‘सीडी’ नव्या जागेचा पत्ता छापते. टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाला ते सोयीचं. स्क्रिप्टमध्ये मात्र ‘या फोल्डरमध्ये जा आणि पत्ता सांग’ असं लिहिलं की एका ओळीऐवजी दोन ओळी हाती येतात, आणि पुढची प्रत्येक फाइल नसलेल्या ठिकाणी शोधली जाते. मजकुरात ओळी शोधणाऱ्या ग्रेप या कमांडच्या ‘ग्रेप_ऑप्शन्स’ची तऱ्हा तीच. रंगीत अक्षरं हवीत म्हणून लोक त्यात ‘कलर=ऑलवेज’ लिहून ठेवायचे, आणि कुठल्यातरी स्क्रिप्टमधल्या ग्रेपच्या आउटपुटमध्ये रंगांची अदृश्य चिन्हं शिरायची. डोळ्यांना दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसायच्या आणि तुलना मात्र फसायची. ग्रेपच्या लोकांनी 2014 मध्ये, 2.21 या आवृत्तीत, हे व्हेरिएबल वापरलं की इशारा द्यायला सुरुवात केली आणि 2020 मध्ये 3.6 पासून त्याच्याकडे लक्ष देणंच थांबवलं. एक सोय काढून घ्यायला सहा वर्षं.

मला वाटलं, नावं मोजत बसण्यापेक्षा सगळंच झटकून टाकावं. यादीत तीच नावं असतात ज्यांनी आपल्याला आधी चावलेलं असतं. ‘स्किप’ कुणाच्या यादीत असणार होतं? ‘एन्व्ह -आय’ ही कमांड प्रोग्रामला कोरी पाटी देऊन सुरू करते. टेस्ट सुरू होताच स्क्रिप्टने स्वतःलाच पुन्हा ‘एन्व्ह -आय’खाली सुरू करायचं आणि सोबत मोजक्या चार गोष्टी द्यायच्या : पाथ, तात्पुरतं होम, भाषा, वेळ. यात आणखी एक लाभ होता. बॅश या सर्रास वापरल्या जाणाऱ्या शेलमध्ये फंक्शनही, म्हणजे नाव दिलेले कमांडचे गठ्ठेही, एक्सपोर्ट होतात आणि एन्व्हायर्नमेंटमधूनच प्रवास करतात. 2014 च्या सप्टेंबरमध्ये स्तेफान शाझेला यांनी शोधलेला शेलशॉक हा दोष नेमका त्या वाटेवर होता. फंक्शन आत घेताना बॅश त्याच्या शेपटाला चिकटलेली कमांडही चालवून टाकायचं. तो दोष बुजवला गेला, वाट मात्र आहेच. कुणी ‘सीडी’ नावाचं स्वतःचं फंक्शन एक्सपोर्ट केलं असेल तर बॅशमध्ये चालणाऱ्या टेस्टच्या हातात तेच पडतं. व्हेरिएबल अनसेट करून ते जात नाही. कोऱ्या पाटीवर ते येतच नाही.

लिहायला बसलो आणि पहिल्याच वळणावर अडलो. स्क्रिप्टने स्वतःला पुन्हा सुरू केलं, की दुसऱ्या वेळी तिला कळायला हवं की ‘मी आधीच स्वच्छ झाले आहे’, नाहीतर ती स्वतःला सुरूच करत राहील. मी सवयीने एक व्हेरिएबल घेतलं, ‘स्वच्छ=1’. ते असेल तर पुढे जायचं. टाइप करून झालं आणि बोटं कीबोर्डवरच थांबली. हे ‘स्वच्छ’ बाहेरून आलं तर? कुणी माझ्यासारखंच उशिरा रात्री एक्सपोर्ट केलेलं असलं तर पहारेकरी म्हणेल, तपासणी झालेली आहे, जा. ज्या वाटेने चोर येतो त्याच वाटेने मी राखणदाराची ओळखपाटी पाठवत होतो. शेवटी ती खूण व्हेरिएबलमधून न देता कमांडपुढचा पहिला शब्द म्हणून दिली. शब्द वारशाने येत नाही. तो दर वेळी कुणीतरी हाताने द्यावा लागतो. इतक्या छोट्या गोष्टीने मला त्या दिवशी किती आनंद झाला होता! आणि प्रत्येक टेस्टच्या माथ्यावर, ती वापरणार त्या प्रत्येक नावाची एक रिकामी ओळ लिहिली. ‘स्किप=’. बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नाही. शेलमध्ये त्या काहीच नसण्याला फार किंमत आहे. वगळलेल्या टेस्ट आता 77 देतात, आणि शेवटी किती धावल्या आणि किती वगळल्या ते दोन्ही आकडे छापले जातात.

ते सगळं मी तिला दाखवलं. तिने वाचलं, चांगलं आहे म्हणाली, आणि मग विचारलं, ‘पण आपला प्रोग्राम वापरणारा माणूस त्याला एन्व्ह -आय लावून चालवतो का?’ मी म्हणालो, टेस्ट दर वेळी तेच उत्तर देणारी हवी. ती म्हणाली, ‘हवीच. पण मग आपण ज्या जगाची टेस्ट घेतोय त्या जगात कुणी राहत नाही.’ मला तेव्हा तो शब्दच्छल वाटला. नंतर भाषेपाशी अडलो. ‘सी’ भाषेत अक्षर म्हणजे एक बाइट. ‘मराठी’ हा शब्द कॅरॅक्टर मोजायला ‘डब्ल्यूसी -एम’कडे दिला तर तिथे 15 येतात, देवनागरी ओळखणाऱ्या यूटीएफ-8 भाषेत 5. माझ्या टेस्टमध्ये भाषा कायम ‘सी’, म्हणजे देवनागरी मजकुराची रुंदी कुठे चुकत असेल तर ते माझ्या टेस्टना कधीच दिसणार नव्हतं. ज्या लिपीत मी विचार करतो तीच मी स्वच्छतेच्या नावाखाली बाहेर काढली होती. आणि दोन महिन्यांनी एका वापरणाऱ्याची तक्रार आली : प्रोग्राम सुरूच होत नाही. त्याच्याकडे ‘सीडीपाथ’ एक्सपोर्ट केलेलं होतं. आमच्याच सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ‘सीडी लिब’ असं मोकळं लिहिलेलं होतं. मी ‘सीडीपाथ’बद्दल इतकं वाचलं होतं, दुसऱ्यांना समजावून सांगितलं होतं, टेस्टमधून ते काळजीपूर्वक काढून टाकलं होतं. काढून टाकलं म्हणूनच आमच्याच प्रोग्रामला ते चावतं हे मला दिसलं नाही. दुरुस्ती दोन चिन्हांची होती. ‘लिब’च्या आधी टिंब आणि तिरकी रेघ लावली की ‘सीडी’ त्या व्हेरिएबलकडे बघत नाही.

आता टेस्ट दोनदा चालतात. एकदा कोऱ्या पाटीवर. दुसऱ्यांदा टेस्ट स्वतः स्वच्छच राहतात, पण प्रोग्रामला सुरू करताना त्याच्या हातात मुद्दाम कचरा देतात : ‘सीडीपाथ’, यूटीएफ-8 भाषा, वेगळं टाइमझोन, भलतीकडे बोट दाखवणारं ‘गिट_डिर’, आमच्या स्क्रिप्टमधली यच्चयावत नावं उलटसुलट किमतींसकट. ती यादी तिने लिहिली आहे. पहिल्या ओळीवर ‘स्किप=1’ आहे. मी त्याबद्दल काही बोललो नाही, तीही बोलली नाही. या दुसऱ्या फेरीला वेळ जास्त लागतो, पंखा घरघरतो, पत्रा कोमट होतो. मला आता तो आवाज हवासा वाटतो.

काल संध्याकाळी तिचा मेसेज आला, ‘माझ्याकडे एक फेल होतेय. तुझ्याकडे?’ समोरच्या विंडोमध्ये मी पाचच मिनिटांपूर्वी टेस्ट चालवल्या होत्या. 64 पैकी 64, सगळं हिरवं. उत्तर लिहायला हात पुढे झाला होता. मी ती विंडो बंद केली, नवी उघडली, आणि तिला लिहिलं, ‘थांब, बघून सांगतो.’